लहान पंजा आणि लांबचे सूर



गणपतीच्या दिवसांत महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांवर रात्र रात्र भजने चालतात. मुंबईहून आलेले चाकरमानी, पखवाज, टाळ आणि मध्ये पेटी. 20 मार्चला महाडात चवदार तळ्यावर लोक लोटतात, तेव्हा भीमगीतांच्या साथीला कॅसिओ असतो. पियानो या मुलखात विरळाच. पण पेटी, कॅसिओ आणि पियानो यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी एकच, त्यामुळे शिकणाऱ्या मुलामुलींची तक्रारही एकच: हात पोचत नाही.

या तक्रारीत तथ्य आहे. पियानोवर मध्य सप्तकातल्या सा पासून तार सा पर्यंतचे अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. हे माप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्के झाले. त्याआधीच्या कित्येक युरोपीय वाद्यांच्या पट्ट्या याहून अरुंद होत्या. वादकांच्या हातांची मापे घेणाऱ्या अभ्यासकांना स्त्री-पुरुषांच्या ताणलेल्या पंजात सरासरी सुमारे एका इंचाचा फरक आढळला आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीचा अंगठा सा वर आणि करंगळी तार सा वर एकाच वेळी बसली नाही, तर तो तिच्या मेहनतीतला कमीपणा नव्हे.

मोठ्या वादकांचीही यातून सुटका झाली नाही. जोसेफ हॉफमन हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला नामवंत पियानोवादक. त्याचे हात लहान होते, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. स्पेनच्या अलिसिया दे लारोचा यांची उंची पाच फुटांहूनही कमी. तरी रखमानिनॉफच्या तिसऱ्या कॉन्चेर्तोसारखी, लांब पल्ल्याच्या हाताला साजेशी रचना त्यांनी वाजवली आणि ध्वनिमुद्रितही केली.

आता आपल्या पेटीकडे वळू. युरोपात हार्मोनियम पायाने हवा भरून वाजे आणि दोन्ही हात मोकळे राहत. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली. मांडी घालून बसणाऱ्यांची सोय झाली, पण एक हात भात्यात गुंतला. सुरांचा सगळा भार उरलेल्या एका पंजावर आला. त्यावरचा तोडगाही पेटीतच आहे, तो म्हणजे कपलर. त्याचा खटका ओढून एक पट्टी दाबावी, की सप्तकभर अंतरावरची दुसरी पट्टी कोणी हात न लावता आपोआप खाली जाते. एका बोटात दोन सा!

कपलर नसेल तेव्हा सूर निवडावे लागतात. पांढरी एक हा सा धरा. सा, ग, प आणि तार सा असे चारही सूर एकदम धरायला आठ पांढऱ्या पट्ट्यांचा पल्ला लागतो. वरचा सा सोडला, की सा-ग-प पाचच पट्ट्यांत मावतात. तार सा हवाच असेल तर खालचा सोडावा. ग-प-सा सहा पट्ट्यांत बसतात, प-सा-ग सुद्धा सहाच. त्यातूनही एक सूर कमी करायचा झाला तर प सोडावा. अशा एकत्र धरलेल्या सुरांच्या जुडीचा, म्हणजे कॉर्डचा, स्वभाव ग ठरवतो: शुद्ध ग धरला तर मेजर, कोमल ग धरला तर मायनर. प दोन्हीकडे तोच राहतो, म्हणून तो गेला तरी कॉर्ड ओळखू येते.

कॅसिओवर दोन्ही हात मोकळे असतात. डाव्याने खालचा सा, उजव्याने ग-प-सा धरला, की पल्ल्याचा प्रश्नच मिटतो. पियानोवर आणखी एक सोय आहे. उजवा पेडल दाबून सूर एकामागोमाग एक, खालून वर, चटकन वाजवावेत. पट्टीवरून बोट उचलले तरी आधीचा सूर घुमत राहतो. पेटीत मात्र बोट उचलताच सूर थांबतो, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे हात ओढून ताणण्याची. संगीतकार रॉबर्ट शूमान बोटे तयार करण्यासाठी यांत्रिक साधन वापरत असे. ऐन विशीत त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे स्वप्न त्याला सोडावे लागले. त्या दुखापतीच्या कारणांवर आजही मतभेद आहेत, पण तिथून धडा घ्यायला हरकत नाही. मनगट ताठ होऊ लागले, अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, की तिथेच थांबावे.

पोलादपूरच्या डोंगरातल्या मंडळांना आणि महाडच्या शिकवणीवाल्यांना एकच विनंती आहे. नव्या मुलाला किंवा मुलीला पेटीवर बसवाल, तेव्हा आधी त्याचा किंवा तिचा पंजा पट्ट्यांवर सहज किती पसरतो ते पाहा. कॉर्ड त्या मापाची द्या. अंगाची वाढ होईल तसा पल्लाही वाढेल. तोवर हात लहान म्हणून कोणालाही पेटीवरून उठवू नका.