कच्च्या कैद्याचं घर

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी आयोजकांना विचारलं म्हणे, अमेरिकेतल्या काउंटीच्या तुरुंगाशी आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. पण या सभागृहात ज्यांचं कोणीच तिकडे नाही, त्यांनी हात वर करावेत असं मी म्हटलं तर फार हात वर होतील असं वाटत नाही. कुणाचा भाचा टेक्सासात, कुणाची लेक न्यू जर्सीत. त्यांचं शिक्षण, व्हिसा, घराचे हप्ते, बाळंतपण, सगळ्याची आपण चर्चा करतो. ती माणसं एखाद्या रात्री पोलिसांच्या गाडीत बसू शकतात, ही शक्यता मात्र आपण जिभेवर येऊ देत नाही. पार्टीहून परतताना दोन पेले जास्त झाले, दुकानातून वस्तू पैसे न देता बाहेर गेली, भांडणाचा आवाज ऐकून शेजाऱ्याने ९११ फिरवला, एवढं पुरतं. मात्र मी आज केवळ आपल्या माणसांबद्दल बोलणार नाही. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या त्या तुरुंगांशी गाठ पडली आहे, त्या घरांकडूनच आपल्याला शिकायचं आहे.

आधी हा तुरुंग कोणता ते पाहू. शिक्षा लागलेले, लांब मुदतीचे कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात. काउंटीचा तुरुंग त्यांच्यासाठी नाही. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा किंवा तालुका. तिचा तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात असतो आणि शेरीफ निवडणूक लढवून येतो. मुंबईलाही शेरीफ ठाऊक आहे, पण ते मानाचं पद. तिकडच्या शेरीफच्या कमरेला पिस्तूल असतं आणि हाती किल्ल्या. असे स्थानिक तुरुंग सुमारे ३,१०० आहेत. कोणत्याही एका दिवशी त्यांत साडेसहा लाखांहून जास्त माणसं असतात आणि वर्षभरात आत घेतल्याच्या नोंदी सत्तर लाखांच्या वर जातात. म्हणजे माणूस येतो, जातो, पुन्हा येतो. त्यांतले दर दहांपैकी सुमारे सात कच्चे कैदी, गुन्हा शाबीत न झालेले. आपण नाक मुरडायचं कारण नाही, आपल्या तुरुंगांतही दर चारांतले तीन कच्चेच आहेत.

मग निर्दोष मानला जाणारा माणूस आत का? बऱ्याचदा कारण एकच, जामिनाची रक्कम. न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर हा मुलगा २०१० मध्ये सोळा वर्षांचा होता. पाठीवरची पिशवी चोरल्याचा आरोप, जामीन ३,००० डॉलर. घरच्यांकडे तेवढे नव्हते. तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं राहिला, त्यातला मोठा काळ एकांतकोठडीत. खटला चाललाच नाही. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. घरी परतलेल्या त्या मुलाने २०१५ मध्ये आत्महत्या केली. त्याच वर्षी टेक्सासच्या वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड नावाच्या तरुणीला लेन बदलताना इशारा दिला नाही म्हणून पोलिसांनी अडवलं, बाचाबाची झाली, अटक झाली. सुटकेसाठी सुमारे ५०० डॉलर लागत होते. तिची माणसं त्या खटपटीत असतानाच तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृत सापडली.

ही दोन उदाहरणं घाबरवण्यासाठी नाहीत. काउंटीच्या तुरुंगात पहिले दोन-चार दिवसच सर्वांत धोक्याचे असतात, हे ध्यानात यावं म्हणून सांगितली. स्थानिक तुरुंगांतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं एक कारण आत्महत्या हेच आहे. म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवशी काय केलं, याला महिनाभरानंतरच्या धावपळीपेक्षा जास्त किंमत आहे.

पहिलं काम, माणूस कुठे आहे ते शोधणं. अटकेनंतर बोटांचे ठसे, फोटो, झडती, नोंद यात कित्येक तास जातात आणि तोवर नाव यादीत दिसत नाही. बहुतेक शेरीफ कार्यालयांची कैदी-शोध यादी संगणकावर सर्वांना खुली असते. आपल्या नावांची तिथे फार गंमत होते. वडिलांचं नाव मधलं नाव होतं, आडनाव पहिलं होतं, स्पेलिंगात एखादं अक्षर गळतं. तेव्हा उलटसुलट करून शोधा, जन्मतारीख हाताशी ठेवा आणि नोंदणी क्रमांक मिळाला की लिहून ठेवा, कारण पुढे पैसे, पत्र, भेट, सगळं त्या क्रमांकावर चालतं. ‘व्हाइन’ नावाची एक सूचनासेवाही आहे. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात १९९३ मध्ये एका तरुणीचा खून झाला. मारेकरी तुरुंगातून जामिनावर सुटलाय हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर पीडितांना सुटकेची खबर मिळावी म्हणून १९९४ मध्ये ही सेवा उभी राहिली. आज कैद्यांचे घरचेही तिचाच आधार घेतात. माणूस दुसऱ्या तुरुंगात हलवला की फोनवर सूचना येते.

दुसरं काम औषधांचं, आणि ते जामिनाइतकंच तातडीचं आहे. मधुमेह, फिट्स, दमा, मनोविकाराची गोळी, दारूचं व्यसन अचानक तुटल्यामुळे होणारा त्रास, यांपैकी काहीही असेल तर तुरुंगाच्या वैद्यकीय विभागाला फोन करून सांगा, लेखीही कळवा. आजाराचं नाव, औषध, मात्रा, डॉक्टरचा क्रमांक. समोरचा म्हणेल, रुग्णाच्या गोपनीयतेमुळे आम्ही तुम्हाला काही सांगू शकत नाही. हरकत नाही. त्याला सांगायची बंदी असेल, तुमचं ऐकून घ्यायची नाही. फोन किती वाजता केला आणि कोण बोललं ते टिपून ठेवा. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हा घटनेचा भंग आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलंय. पण आत काय दुखतंय हे कळवलेलं असेल तर त्या निकालाचा उपयोग.

आता फोन. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे.

मार्था राइट या वॉशिंग्टनच्या आजीबाई, निवृत्त परिचारिका, दृष्टी गेलेली. नातू तुरुंगात गेला आणि त्याला दूरदूरच्या राज्यांत हलवत राहिले. पत्र वाचता येत नाही, प्रवास झेपत नाही. उरला फोन, आणि त्याचं बिल महिन्याला शंभर डॉलरच्या घरात. त्या काळी काही तुरुंगांतून पंधरा मिनिटांच्या परराज्यातल्या फोनला पंधरा डॉलरहून जास्त पडत. आजीबाई २०००मध्ये कोर्टात गेल्या. कोर्टाने प्रकरण केंद्रीय संचार आयोगाकडे पाठवलं. २००३ मध्ये तिथे अर्ज झाला आणि निर्णय आला २०१३ मध्ये. दहा वर्षं! आयोगाने परराज्यातल्या फोनला मिनिटाला २१ सेंटची, कलेक्ट कॉलला (ज्याचे पैसे फोन घेणारा भरतो) २५ सेंटची मर्यादा घातली. जानेवारी २०१५ मध्ये आजीबाई गेल्या.

इथे काउंटीच्या तुरुंगाची मेख आहे. तिथले बहुतेक फोन राज्यातल्या राज्यातच होतात, कारण कैदी गावचाच असतो. राज्यांतर्गत दरांवरही आयोगाने मर्यादा घातली, पण तो अधिकार आयोगाला नाही, असा निकाल २०१७ मध्ये अपील न्यायालयाने दिला. म्हणजे कोपऱ्यावरच्या तुरुंगातून घरी केलेल्या फोनला संरक्षण उरलं नाही. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मार्था राइट-रीड या आजीबाईंच्याच नावाचा कायदा झाला तेव्हा ही पळवाट बुजली. २०२४ मध्ये आयोगाने मोठ्या तुरुंगांना मिनिटाला ६ सेंट आणि अगदी छोट्यांना १२ सेंट अशी मर्यादा ठरवली. तुरुंगांनी कंपन्यांकडून दलाली घेण्यावरही बंदी आणली. आणि २०२५ मध्ये आयोगानेच अंमलबजावणी लांबणीवर टाकून पुढे दरांची मर्यादा वाढवली. काही शहरं-राज्यं मात्र आयोगासाठी थांबली नाहीत. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये तुरुंगातला फोन फुकट केला, सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये, मॅसॅच्युसेट्सने २०२३ च्या अखेरीस काउंटीच्या तुरुंगांसकट.

दलालीचा व्यवहार असा. दोन-तीन कंपन्यांच्या हाती हा धंदा. कंत्राट शेरीफने द्यायचं, पैसे कैद्याच्या आईने भरायचे आणि कंपनीने कमाईतला वाटा काउंटीला द्यायचा. त्यामुळे दर चढा असला तर काउंटी खूश. शेरीफ लोक म्हणतात, यातून कैद्यांच्या सोयी होतात, संभाषणावर नजर ठेवायचा खर्च निघतो. असेलही. पण ज्याच्यावर गुन्हा शाबीत नाही त्याच्या आईकडून तुरुंगाचा खर्च काढायचा, याला मी जिव्हाळ्यावरचा कर म्हणते. आईने काय गुन्हा केलाय?

भेटीचंही तेच झालं. पडद्यावरची व्हिडिओ-भेट आली, तेव्हा वाटलं दूरच्यांची सोय झाली. प्रत्यक्षात कित्येक काउंट्यांनी तेवढंच निमित्त करून समोरासमोरची भेट बंद केली. मिशिगनमधल्या दोन काउंट्यांतली मुलं या बंदीविरुद्ध २०२४ मध्ये कोर्टात गेली. आम्हाला बाबाला जवळून बघू द्या, एवढीच मागणी. पत्रांवरही गदा आली. अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीने २००७ मध्ये लिफाफे बंद करून फक्त पोस्टकार्डं सुरू ठेवली, इतरांनी तोच कित्ता गिरवला. ओरेगनच्या एका काउंटीचा असाच नियम २०१३ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. बऱ्याच ठिकाणी आता मूळ पत्र मिळतच नाही, त्याची प्रत पडद्यावर दाखवतात. तरी लिहा. नियम वाचून, साध्या कागदावर, चकचकीत चिकटपट्टी न लावता लिहा. पुस्तक पाठवायचं तर बहुधा दुकानातून किंवा प्रकाशकाकडून थेट जावं लागतं.

फोन लागला की बोलायचं काय? जेवलास का, झोपलास का, गोळी मिळाली का, वकील भेटला का, तारीख कधी. बस्स. प्रकरणाबद्दल अवाक्षर नाही. फोनच्या सुरुवातीला यंत्र सांगतं की संभाषण नोंदवलं जाईल, आणि ते सरकारी वकिलाच्या टेबलावर जाऊ शकतं. मराठीत बोललं तर कोणाला कळणार, अशा समजुतीत राहू नका, दुभाषे मिळतात. आपल्या आईवडिलांना सर्वांत कठीण हेच जातं. ‘नक्की काय झालं ते सांग बघू,’ हा प्रश्न ओठांवर आलेला असतो. तो वकिलासाठी ठेवा. वकिलाशी झालेलं बोलणं संरक्षित असतं. ऐपत नसेल तर तुरुंगवास होऊ शकेल अशा गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो.

नवरा-बायकोच्या भांडणातली अटक हे प्रकरण आणखी वेगळं. ‘घरचा मामला आहे, आम्ही मिटवतो’ हे तिकडे चालत नाही. बायकोने तक्रार मागे घेतली तरी खटला सरकारचा असतो, तो चालू राहू शकतो. न्यायाधीश अनेकदा संपर्कबंदीचा हुकूम देतात. मग नवऱ्याने आतून बायकोला फोन केला, किंवा सासूबाईंमार्फत ‘तिला सांग, माफ कर’ असा निरोप पाठवला, तरी हुकूम मोडल्याचा नवा गुन्हा होऊ शकतो. इकडून मध्यस्थी करणाऱ्या काका-मामांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय मारहाण झालेली सून हीसुद्धा कुणाची तरी लेक आहे, तिला आधी विचारा ती सुखरूप आहे का.

जामीन भरण्याआधी थोडं थांबा. बॉन्ड कंपनीला साधारण दहा टक्के दिले की ती हमी देते, पण ते दहा टक्के परत मिळत नाहीत, निर्दोष सुटलं तरी. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन ही भानगडच रद्द केली, पण असं एकच राज्य. आणि आरोपी नागरिक नसेल तर अजिबात घाई करू नका: स्थलांतर खात्याने त्याच्यावर हक्क सांगितला असेल तर काउंटीच्या दारातून सुटलेला माणूस थेट त्यांच्या कोठडीत जातो. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने काही प्रकारच्या लोकांना दुकानातल्या चोरीच्या नुसत्या आरोपावरूनही अडकवून ठेवायची तरतूद केली आहे. म्हणून फौजदारी वकिलाला स्थलांतर कायदा कळतो का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागेल का हे वकिलाने सांगितलंच पाहिजे, असा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

व्हिएन्ना कराराप्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. काही देशांच्या बाबतीत पोलिसांना ते कळवावंच लागतं. भारत त्या यादीत नाही, आपल्या माणसाने मागणी करावी लागते. लाजेपोटी तो करत नाही. घरच्यांनीच वाणिज्य दूतावासाला कळवावं. वकिलात खटला लढत नाही, जामीन भरत नाही, पण चौकशी करते आणि वकिलांची यादी देते.

तिकडच्या मराठी मंडळांना माझी एक विनंती आहे. गणपती, दिवाळी अंक, नाटकांचे दौरे उत्तम चालले आहेत. जोडीला दोन-चार माणसांची नावं ठेवा, जी रात्री फोन उचलतील, तुरुंगाच्या फोनचं प्रीपेड खातं उघडतील, कोर्टात मागच्या बाकावर बसतील. बऱ्याच तुरुंगांतून परदेशी क्रमांक लागतच नाही; नाशिकच्या आईला मुलाचा आवाज ऐकायचा तर मध्ये तिथला कोणीतरी लागतो. आणि त्या माणसाने गावभर वाच्यता करू नये.

शेवटचं. अटक झाली की मोबाइल जप्त होतो आणि आजच्या मुलांना आईचाही नंबर पाठ नसतो. तुमचं मूल तिकडे असेल किंवा जाणार असेल, तर आजच त्याला सांगा: तिथल्या एका भरवशाच्या माणसाचा नंबर पाठ कर. आणि पुढच्या फोनवर तो म्हणवून घ्या.