विद्येचे नम्र रूप



काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्याच काशीत नीळकंठशास्त्री गोऱ्हे लहानाचे मोठे झाले. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यास सरसावलेल्या या पंडिताने १८४८ मध्ये तोच धर्म स्वीकारला. पुढे त्यांच्या विचारांचा खोल ठसा पंडिता रमाबाईंवर उमटला. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही विदुषी अमेरिकेत पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि लहान मुलांना शिकविण्याची बालोद्यान पद्धती शिकली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले; ते पुढे पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी तेथून मुली काढून नेल्या. त्या पालकांची चिंता क्षुद्र नव्हती. बालमन ही परक्याच्या हाती सोपविलेली ठेव असते आणि शिक्षकाच्या श्रद्धेची पारख त्या ठेवीपाशीच होते.

रमाबाईंनी कार्य सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यांचे घर झाले. तेथे अक्षराआधी अन्न आणि धड्याआधी माया द्यावी लागली.

ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले. पंडिताला ओणवे होणे कठीण जाते. परंतु लहान मुलाच्या पाटीपर्यंत पोहोचण्यास दुसरी वाट नाही. हीरक महोत्सवी सन्मानाचा पहिला हार म्हणूनच बालवर्गाच्या शिक्षिकेला शोभतो.