६१७४ आणि शाळेतला संगणक

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

तीन, पाच, दोन, चार. हे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. आता तिचंही तेच करायचं: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आता या ६१७४ला कितीही पिळा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च!

ही गंमत शोधली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. ते देवळालीच्या शाळेत शिकवायचे. १९४९ साली त्यांनी ती मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. गुरुजींकडे संगणक नव्हता. तरीही नववी-दहावीला संगणकावर गणित कसं शिकवावं, असं कुणी विचारलं की मी त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

आधी मुलांना चार-पाच संख्या हाताने करायला लावायच्या. वर्ग वजाबाक्यांना कंटाळला की मग पायथनचं नाव काढायचं. कंटाळा यायलाच हवा, त्याशिवाय यंत्र कशाला लागतं ते कळत नाही. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. चारही अंक सारखे असलेल्या संख्या तेवढ्या वगळायच्या. १००० ते ९९९९ मधल्या बाकी सगळ्या बघता बघता तपासून होतात. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ला पोचते.

एकदा मात्र एका मुलीच्या प्रोग्रॅमने २१११ला उत्तर दिलं शून्य. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, कापरेकर चुकले!” मग फळ्यावर करून पाहिलं. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. यंत्राने ती तीन अंकी संख्या धरली आणि ९९९मधून ९९९ वजा केले. आपल्याला हवं होतं ०९९९. ते पुढचं शून्य धरलं की ९९९० वजा ०९९९, ८९९१, आणि गाडी रुळावर. ते शून्य शोधण्यात पाऊण तास गेला. त्या दिवशीचा धडा राहून गेला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता, असं होतं हे यंत्राने दाखवलं. का होतं, ते नाही सांगितलं. तिथे पुन्हा पेन्सिल. उतरत्या क्रमातल्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. वजाबाकी नेहमी एवढीच येते. म्हणजे चार अंकांऐवजी दोन फरक पुरतात, आणि अशा फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. जवळपास नऊ हजार संख्या, आणि पहिल्या वजाबाकीत सगळ्या ५४ घरांत येऊन बसतात! हे आधीच सुचलं असतं तर प्रोग्रॅमची गरजच नव्हती. पण प्रोग्रॅम चालला नसता तर हे शोधायची खाज तरी कुणाला सुटली असती?

विज्ञानातही हेच. पडद्यावरचा लंबक फार गुणी असतो, कधी चुकत नाही. त्यापेक्षा दोऱ्याला नट बांधा, लांबी बदलत वेळ मोजा आणि आकडे स्प्रेडशीटमध्ये भरा. लांबी आणि आवर्तकाळाचा आलेख वाकतो. आवर्तकाळाचा वर्ग घेतला की जवळजवळ सरळ रेष येते. त्या ‘जवळजवळ’वर वर्गात भांडण जुंपतं, आणि खरा तास तिथे सुरू होतो. नुसतं सिम्युलेशन दाखवून धडा संपवणं मला फसवणूक वाटते. आणि संगणकाचा तास एकीकडे, गणिताचा दुसरीकडे, दोन्ही शिक्षकांची गाठ फक्त चहाला, हे तर कधी पटलंच नाही.

आता पुन्हा कापरेकरांच्या गंमतीकडे. दोन अंकी संख्या घेतल्या तर मुक्काम मिळत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असं नुसतं फिरत राहायचं. तीन अंकी संख्या कुठे थांबतात, ते मी सांगणार नाही. आज जेवणं झाली की घरातल्या मुलांना घेऊन बसा. आधी कागदावर.