विद्युतक्षेत्र उपचार : आशेचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा अधिकारी नव्हे. तरीही बोलण्याचे धाडस करतो, कारण माझे थोरले बंधू ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या उग्र कर्करोगाने गेले. त्या दिवसांत एका विक्रेत्याने ‘विद्युत उपचार’ म्हणून चुंबकाचा पट्टा आमच्या गळ्यात मारला. खरा विद्युतक्षेत्र उपचार निराळा आहे, हे मागाहून वाचनाने कळले.

हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे प्राध्यापक योराम पाल्टी यांची ही कल्पना. पेशी दुभंगताना तिच्यातील काही प्रथिने ठरावीक रचनेत जुळावी लागतात. सेकंदाला २ लाख आवर्तनांचे सौम्य विद्युतक्षेत्र त्या जुळणीत विघ्न आणते आणि कर्कपेशींची वाढ रोखली जाते. मेंदूतील प्रौढ चेतापेशी सहसा विभागत नाहीत. म्हणून त्यांना फारशी झळ पोहोचत नाही. यात विजेचा झटका नसतो. केस काढून डोक्यावर विद्युतपट्ट्या चिकटवतात आणि यंत्र दिवसाचे किमान १८ तास चालू ठेवावे लागते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये उलटलेल्या रोगासाठी आणि २०१५ मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी यास मान्यता दिली. ६९५ रुग्णांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचारानंतर केवळ टेमोझोलोमाइड हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १६ महिने होते, तर यंत्राचीही जोड मिळालेल्यांचे २०.९ महिने. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेले.

वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मी खतावणी मांडतो. जमेस सुमारे पाच महिने. नावे बाजूस अहोरात्रीचे बंधन, त्वचेचा दाह आणि सामान्य कुटुंबास न पेलणारा खर्च. शिवाय तुलनेच्या गटास नकली यंत्र दिले नव्हते, हा काही तज्ज्ञांचा आक्षेपही नोंदवावा लागतो. तात्पर्य, हा उपचार थोतांड नव्हे आणि संजीवनीही नव्हे.

आम्ही पट्टा बांधला तेव्हा बंधूंना विचारलेसुद्धा नाही. ते वहिनींना एवढेच म्हणाले, “बांधू दे. त्यांचे समाधान होईल.” ते शब्द आजही मला झोपू देत नाहीत.

म्हणून विनंती एकच. असा प्रसंग आला, तर प्रथम रुग्णाची इच्छा विचारा, मग कर्करोगतज्ज्ञांचे मत घ्या. विक्रेत्याचे सर्वांत शेवटी ऐका.