शिंक्यांतला पिटुनिया



ज्या मुलखांत चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलखांतल्या एका निवृत्त मास्तरानें नभोवाणीवर येऊन फुलझाडांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मलाहि तें बराच काळ तसेंच वाटत होतें. पुणें जिल्हा म्हटला कीं शहरांतल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें लोणावळ्याचा पाऊस उभा राहतो. परंतु त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेंत पडलेले आहेत. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आमच्याकडे पांचशेंच्या आंतबाहेर. 2018 सालीं सरकारनें दुष्काळ जाहीर केला, त्या यादींत हे दोन्ही तालुके होते. माझी निम्मी नोकरी दौंडास झाली आणि उरलेली शिरुरास, म्हणजे आमच्या लोकांच्या तोंडीं जें घोडनदी आहे त्या गांवीं. आज जें सांगणार आहें तें या दोन गांवांच्या मातींत शिकलेलें आहे.

पिटुनिया मीं प्रथम पाहिला तो दौंडास. तेथें रेल्वेच्या वसाहतीजवळ एक निवृत्त ड्रायव्हर राहत असत. त्यांच्या ओसरीला तारेच्या सात-आठ टोपल्या टांगलेल्या असत, आणि पौष-माघांत त्यांतून जांभळीं, गुलाबी, पांढरीं फुलें अशीं ओसंडून खालीं येत कीं टोपली दिसूंच नये. मला आमच्या जुन्या घरांतल्या शिंक्याची आठवण झाली. मांजरापासून दहींदूध जपण्यासाठीं जें शिंकें आढ्याला टांगलेलें असे, त्यांत फुलें ठेवावीं ही कल्पना मनांत घर करून राहिली. निवृत्तीनंतर शिरुरास घर बांधलें, तेव्हां मीं काथ्याचीं चार शिंकीं विणून घेतलीं आणि अंगणांत सहा फूट लांब व तीन फूट रुंद असा एक वाफा आंखला.

पहिलें वर्ष सपशेल वायां गेलें. पिटुनियाचें बीं म्हणजे शब्दशः धूळ. एका ग्रॅमांत नऊ-दहा हजार दाणे बसतात. तें मीं मेथी पेरावी तसें पेरलें, वर बोटभर माती ओढली आणि झारीनें पाणी घातलें. पंधरा दिवसांनीं उगवलें तें तण! ह्या बियाला उगवण्यासाठीं उजेड लागतो, हें मला पुढें कळलें. आतां मी घटस्थापनेच्या सुमारास एका पसरट थाळींत निम्मा काथ्याचा भुसा व निम्में चाळलेलें गांडूळखत भरतों, बियांत चिमूटभर बारीक कोरडी वाळू मिसळतों आणि तें मीठ भुरभुरावें तसें वरच्या वर टाकतों. माती मुळींच ओढीत नाहीं. थाळीच्या बुडाला भोकें असतात. पाण्याच्या परातींत ती घटकाभर ठेवली कीं खालून ओल चढते. वर कांच झांकावी, पण थाळी उजेडांत, सावलीला ठेवावी. आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसूं लागते. तेव्हां कांच काढलीच पाहिजे, नाहीं तर रोपें बुडाशीं सडून एका रात्रींत कोलमडतात. दिवाळी उलटली कीं रोपें वाफ्यांत जाण्याजोगीं होतात, आणि वर्ष सरतां सरतां पहिलें फूल उमलतें. ज्यांना इतका खटाटोप नको, त्यांनीं सरळ रोपवाटिकेंतून रोपें आणावीं. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला त्या पुष्कळ आहेत.

मातीविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे. दौंडकडे भीमेकांठची काळी कसदार जमीन आहे. ऊस तींत माजतो, पण पिटुनियाला ती मानवत नाहीं. एक तर ती पाणी धरून ठेवते आणि मुळें कुजतात; दुसरें म्हणजे तींत चुना फार, त्यामुळें जमिनींत असलेलें लोह झाडाला घेतां येत नाहीं. पानें पिवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणीं वाफा वीतभर उंच करावा, त्यांत वाळू व पानांचें कुजलेलें खत भरपूर मिसळावें, आणि पानें पिवळीं पडलींच तर चिलेटेड लोहाची फवारणी करावी. शिरुरास माझी अडचण नेमकी उलट होती. तेथें मुरूम, पाणी घातलें कीं चाळणींतून जावें तसें जातें. शेणखताच्या सहा पाट्या घातल्यावर कोठें तो वाफा ओल धरूं लागला. त्यावर मी उसाचें पाचट पसरतों. दौंडचे माझे जुने विद्यार्थी तें आणून देतात, आणि पाचट पेटवून देण्यापेक्षां मास्तरांच्या फुलांखालीं गेलेलें बरें, असें म्हणतात.

आतां पाणी. माझी आई आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. 1972 च्या दुष्काळांत ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. दिवसभर खडी फोडून ती संध्याकाळीं दीड कोसावरून हंडा आणी, आणि त्यांतला एक तांब्या सांडला म्हणून मीं खाल्लेली चपराक मला अद्याप आठवते. माझीं शिंकीं टांगलेलीं पाहून ती म्हणाली, “आरं, हंडा कधी डोईवर घेतला न्हाईस, म्हणून ह्या चिंध्यांस्नी पाणी पाजतोयास.” ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आयुष्यभर मुलांना पाण्याची बचत शिकवली, फळ्यावर सुविचार लिहिले, आणि म्हातारपणीं आईपुढें गप्प बसावें लागलें.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला: नळाच्या वा टँकरच्या ताज्या पाण्याचा एक थेंबहि फुलांना द्यावयाचा नाहीं. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेलें पाणी एका बादलींत सांठवतों. पावसाळ्यांत पन्हळीचें पाणी दोन पिंपांत भरून, झांकून ठेवतों. तें डिसेंबरपर्यंत पुरतें आणि आमच्या कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षां पिटुनियाला पुष्कळ गोड लागतें. साबणाचें पाणी घालूं नये. शहरांतल्या घरांत पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें असतात, त्यांतून वायां जाणारें पाणी फुलांना घालावें असें कोणी सुचवितात. पण त्यांत क्षार सांचलेले असतात, पानांच्या कडा करपतात. वाफ्याला एक दिवसाआड एक बादली आणि दर शिंक्याला रोज एक तांब्या, एवढ्यावर माझा हिंवाळा निघतो. शिंक्याच्या आंत काथ्या, त्याच्या आंत भोकें पाडलेला प्लास्टिकचा कागद, म्हणजे वाऱ्यानें माती लवकर सुकत नाहीं. शिंक्याखालीं पुदिन्याची कुंडी ठेवावी. वरून जें ठिबकतें तें तिला मिळतें. हा पुदिना आईला पटला. फुलें पटलीं नव्हतीं.

बारा इंची शिंक्यांत तीन रोपें पुरे. वाफ्यांत वीतभर अंतर असावें. रोप चार-पांच बोटें उंच झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे तें फुटतें. दर पंधरवड्यास पातळ खत द्यावें. माघ सरतां सरतां फांद्या लांब, बोडक्या होतात. तेव्हां मन घट्ट करून त्या निम्म्या छाटाव्या. तीन आठवड्यांत दुसरा बहर येतो. एक गोष्ट मात्र आमच्या भागांतल्या पुरुषांना मुद्दाम सांगावीशी वाटते: तंबाखू मळलेल्या हातांनीं शेंडे खुडूं नयेत. पिटुनिया हा वांगें, मिरची, टोमॅटो यांच्या कुळांतला आणि तंबाखूचा तर सख्खा चुलतभाऊ. जुस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें 1803 सालीं त्याचें नांव ठेवलें, तेंच मुळीं दक्षिण अमेरिकेंतल्या ‘पेतुन’ म्हणजे तंबाखू ह्या शब्दावरून. तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या केवडा रोगाचा विषाणू वाळलेल्या तंबाखूंतूनहि जिवंत येतो आणि हातावरून ह्या भावंडाला लागतो. माझीं पांच रोपें अशीं गेलीं. हात कोणाचे होते तें सांगत नाहीं. ते अजून माझ्याकडे चहाला येतात.

तिसऱ्या वर्षीं पैसे वांचवावे म्हणून मीं घरच्याच फुलांचें बीं धरलें. विकत आणलेलीं रोपें संकरित होतीं, लाल व गुलाबी. त्यांच्या संततींत निम्म्याहून अधिक निघालीं तीं लहान फुलांचीं, फिकट जांभळीं आणि पांढरीं. मी खट्टू झालों. पण ह्यांत नवल कांहीं नव्हतें. बागेंतला आजचा पिटुनिया हा दक्षिण अमेरिकेंतल्या दोन रानटी जातींच्या संकरांतून एकोणिसाव्या शतकांत निपजला. एक पांढरी, दुसरी जांभळी. नातवंडें आजोबांच्या वळणावर गेलीं, इतकेंच. ह्या पांढऱ्या रंगाचें आणखी एक कौतुक आहे. 1990 सालीं अमेरिकेंत जांभळें फूल अधिक गडद व्हावें म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांत रंगाचा जादा जनुक घातला, तर कित्येक फुलें पांढरीं फटक निघालीं! हें कोडें सुटलें तें पुढें फायर व मेलो यांच्या कृमींवरील प्रयोगांनीं, आणि 2006 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मी मॅट्रिक झालेला मास्तर. ह्याहून खोलांत शिरत नाहीं.

तीं पांढरीं रोपें मी उपटणारच होतों. जागा नव्हती म्हणून एका शिंक्यांत दोन लावलीं आणि तें आईच्या खिडकीशीं टांगलें. तिची दृष्टि आतां जवळजवळ गेली आहे. चार-पांच दिवसांनीं दिवेलागणीला तिनें विचारलें, “लवंगा कुणी कुटल्या रं?” घरांत कोणी कुटल्या नव्हत्या. रानटी पांढऱ्या पिटुनियाला अंधार पडतां पडतां वास सुटतो, तो रात्रीं उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठीं. लवंगेला जो वास देतो तोच पदार्थ त्यांतहि थोडा असतो. मोठ्या रंगीत संकरित फुलांत हा वास बहुधा हरवलेला असतो. मी तिचा हात धरून फुलावर नेला. तिनें तें चांचपलें, बोटांना लागलेला चिकटा लुगड्याला पुसला आणि कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतलेलें पाणी बादलींत ओतलें कीं नाहीं, हें ती सुनेला विचारूं लागली.

पिटुनियाला आमचा उन्हाळा सोसत नाहीं. पारा चढूं लागला कीं फुलें लहान होतात, मावा पडतो, आणि पाणी कितीहि घातलें तरी दुपारीं मान टाकलेलीच. कांहींजण जाळी लावून वैशाखापर्यंत ओढतात. मला तें मान्य नाहीं. यंदा होळीनंतर आठवड्यानें नळाला एक दिवसाआड पाणी येऊं लागलें. त्याच दिवशीं मीं वाफा मोडला, तीन शिंकीं उतरवलीं आणि चौथ्यापाशीं थांबलों. आईला विचारलें. ती म्हणाली, “काढ. बी धरलंस का?” तपकिरी झालेलीं बोंडें मीं आधींच कागदांत झाडून घेतलीं होतीं. ती पुडी आतां तिच्या उशाच्या डब्यांत, जायफळाशेजारीं आहे.