सहा नंबरचा सिलेंडर



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी आमच्या घरच्या जुन्या प्लायमाउथ गाडीबद्दल बोलणार आहे. आमच्या आडत दुकानामागच्या शेडमध्ये विटांवर उभी असलेली ती गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे.

आपण तिसरीत असताना ती येडशीच्या घाटात तापून बंद पडली. ड्रायव्हरनं पाणी घातलं नाही, असं आमच्या आबांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरमामांना कामावरून काढलं. मामांचा मुलगा आपल्याच वर्गात होता. आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला आणि मामांना विचारूनच मी हे बोलते आहे. त्यानंतर दहावीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही कधी कारण विचारलं नाही.

आबा गेल्यावर अण्णांनी गाडी भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा मी ती मागून घेतली. सुट्टीत येऊन इंजिन खोलायला लागले.

पहिली चूक माझीच झाली. आरसी बुकावर प्लायमाउथ लिहिलेलं पाहून अमेरिकेहून हेड गॅस्केट मागवलं. ते बसेना. प्लायमाउथ, डॉज, डिसोटो या सगळ्या क्रायस्लरच्या गाड्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी त्या कुर्ल्याला जोडत असे. त्यांची एका रांगेतल्या सहा सिलेंडरची इंजिनं दिसायला सारखी, पण ब्लॉक दोन प्रकारचे. एकाचं हेड साधारण 23 इंच, दुसऱ्याचं 25 इंच. गंमत म्हणजे 218 घनइंचाचं इंजिन दोन्हींत मिळतं.

डायनामोच्या वर ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो. आमचा गंजून गेला होता. मग प्रयोगशाळेतले आपले सर आठवले: आधी मोजा, मग वहीत लिहा. हेड मोजलं, 25 इंच. जाम पिस्टन आठवडाभर डिझेल ओतून सोडवले. या इंजिनात सहा नंबरच्या सिलेंडरवर हेडमध्ये एक छोटा प्लग असतो. तो काढून आत तार सोडली आणि इंजिन हातानं फिरवलं. तार 103 मिलिमीटर वर-खाली झाली. छोट्या ब्लॉकच्या 218 मध्ये हा स्ट्रोक 111 असतो. म्हणजे आमचं इंजिन कॅनडाच्या बनावटीचं, लांब ब्लॉकचं.

हेड उचललं तर पुढचे दोन सिलेंडर चांगले. पाच आणि सहाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले, सहाच्या पिस्टनवर खोल ओरखडे. पाणीच नसतं तर सहाही सिलेंडर भाजले असते. हे मागचेच का?

वॉटर पंप काढल्यावर उत्तर मिळालं. त्याच्या मागे ब्लॉकच्या पोटात पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. पंपाचं पाणी ती शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवते. आमची नळी सडून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. रेडिएटर काठोकाठ भरलेला असला, तरी मागच्या सिलेंडरांना पाणी मिळत नव्हतं. बाहेरून हे कुणालाच दिसलं नसतं, मामांनाही नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच चालतं. प्रोग्राम बंद पडला की ज्यानं शेवटचा हात लावला, त्याच्यावर सगळे बोट ठेवतात. मीही ठेवलं आहे. हल्ली आधी उघडून बघते.

ते तुकडे कागदात गुंडाळून मी आणि अण्णा मामांच्या घरी गेलो. अण्णांनी हात जोडले. मामांनी तुकडे हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मी पाणी घातलं होतं, बाई." मग विचारलं, "गाडी चालू होती का?"

लातूरहून बोअरिंग करून आणलं, तीस थाऊ मोठे पिस्टन घातले, व्हॉल्व्ह आणि सीट बदलले, नवी नळी बसवली. प्लगच्या वायरी 1-5-3-6-2-4 अशा क्रमानं लावल्या. गेल्या दिवाळीत इंजिन सुरू करायच्या दिवशी मामांना बोलावलं. किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिशात ठेवली, बॉनेट उघडलं आणि आधी रेडिएटरचं झाकण काढून पाणी पाहिलं.