अडगळीतला राउटर

गोव्यातील जुनी घरे जांभ्या दगडाची असतात. त्यांच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवितात. परंतु ज्या भिंती उन्हाला अडवितात, त्याच वायफायच्या लहरींनाही अडवितात. राउटर असतो दिवाणखान्यात आणि अंथरुणाला खिळलेल्या आजी असतात मागच्या खोलीत. आखातातील मुलाने सायंकाळी फोन केला की चित्र गोठते, आवाज तुटतो. त्याच घराच्या माळ्यावर पुष्कळदा जुना राउटर धूळ खात पडलेला असतो. त्याच्याकडून आजींची सोय कशी करून घ्यावी, हा आजचा विषय आहे.

दोन्ही राउटरना आपापले काम ठरवून देणे, हे यातील मर्म होय. राउटर दोन कामे करितो : लहरी पसरवितो आणि घरातील प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. पत्ते वाटण्याच्या या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. एकाच वर्गात दोन शिक्षक निरनिराळे हजेरी क्रमांक देऊ लागले, तर जसा गोंधळ उडेल, तद्वत् एकाच घरात दोन राउटर पत्ते वाटू लागले की यंत्रे भांबावतात. म्हणून पत्ते वाटण्याचा अधिकार मुख्य राउटरकडेच ठेवावा. जुन्याने केवळ लहरी पसरवाव्यात.

प्रथम जुन्या राउटरचे रीसेटचे बटण काही सेकंद दाबून त्यातील पूर्वीच्या साऱ्या नोंदी पुसाव्यात. नंतर तो केबलने फक्त संगणकाला जोडावा आणि खालच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहून सेटिंगचे पान उघडावे. तेथे शिरण्याचा मूळ पासवर्ड आधी बदलावा. मग वायफायचे नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच द्यावेत, म्हणजे फोनला दोन्ही ठिकाणी एकच जाळे दिसेल. सुरक्षिततेसाठी डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ निवडावे. ज्या राउटरमध्ये केवळ जुनी डब्ल्यूईपी पद्धत आहे, त्याचा मोह सोडावा. ती पद्धत २००१ सालीच भेदली गेली आहे.

यानंतर जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र मुख्य राउटर इतरांना जे पत्ते वाटतो, त्यांत हा नसावा. नवा पत्ता वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे सेटिंगचे पान त्याच पत्त्यावर उघडेल. डीएचसीपी सर्वांत शेवटी बंद करावे. ते आधीच बंद केले, तर संगणकाला पत्ता मिळेनासा होऊन काम अर्धवट राहते.

आता मुख्य राउटरच्या लॅन छिद्रातून निघालेली केबल जुन्याच्या लॅन छिद्रातच घालावी. वॅन असे लिहिलेले वेगळे छिद्र रिकामे ठेवावे. बहुतेक चुका येथेच होतात : वॅनमध्ये केबल घातली की मागच्या खोलीत दुसरेच जाळे तयार होते आणि दिवाणखान्यातील यंत्रांना तेथील यंत्रे सापडत नाहीत. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. कोणत्याही घराला तेवढी पुरे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत. एका राउटरला १ दिले, तर दुसऱ्याला ६ वा ११ द्यावे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेगवान. परंतु भिंतीपुढे त्या लवकर हार खातात. म्हणून जुना राउटर भिंतीच्या अलीकडे न ठेवता आजींच्या खोलीतच ठेवावा.

केबल नेणे अशक्यच असेल, तर काही राउटर रिपीटर म्हणूनही चालतात. तेव्हा मात्र तो दोन खोल्यांच्या मध्ये, जेथे मूळ लहरी चांगल्या पोहोचतात तेथे ठेवावा. एकाच पट्ट्यात ऐकणे आणि बोलणे दोन्ही करावे लागल्याने वेग सुमारे निम्मा होतो. भिंतीला एक भोक पाडण्याचे श्रम त्यापेक्षा परवडतात.

एवढे झाले की फोन घेऊन मागच्या खोलीत जावे आणि दार लावून पाहावे. चित्र हलू लागले, आवाज स्पष्ट आला, तर त्या सायंकाळी आजींना धरून दिवाणखान्यात आणावे लागणार नाही. मुलाचा चेहरा त्यांना उशीवरूनच दिसेल.